बी-२ची तयारी आणि फ्रेंच पालक

डेल्फ बी-२ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेच्या तयारीत आमच्या मॅडमनी प्रत्येकाला एकेक शब्द वाटून दिला. कोशांतून तो पिंजून काढायचा आणि वर्गात त्यावर फ्रेंचमधून बोलायचं. माझ्या वाट्याला ‘एपिनार’, म्हणजे पालक. आपला पालक भाजीत असतो तसा शाळेच्या सभेतही असतो; फ्रेंच पालक त्याच्याही पुढे गेलेला निघाला.

आधी व्याकरण. ताटात आला की तो बहुधा अनेकवचनी, ‘लेझेपिनार’. ऐकताना कानावर ‘झेपिनार’च पडतं. शेवटचा ‘डी’ लिहायचा, उच्चारायचा नाही. ‘व्हेर एपिनार’ हा गडद हिरवा रंग असेल तर मात्र कपडे कितीही असोत, त्याला अनेकवचनाचा ‘एस’ लागत नाही. लेखी पेपरात मार्क जातात ते असल्याच ठिकाणी.

मग ‘त्रेझॉर द ला लांग फ्रांसेझ’ उघडला. हा जाडजूड कोश ऑनलाइन फुकट आहे. नुसत्या हिरव्याचा मारा केलेल्या निसर्गचित्राला फ्रेंच लोक ‘पालकाचं ताट’ म्हणून हिणवत. सैन्यातल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या खांद्यावरची सोनेरी झालर म्हणजे ‘पालकाचं बी’, कारण ती तशी दाणेदार दिसे. जुन्या गल्लीबोळातल्या भाषेत वेश्येच्या कमाईवर जगणारा दलाल तिच्याकडून पैसे घेई, तेही ‘पालकाला जाणं’. हे मी वर्गात गाळलं.

आज सर्रास ऐकू येतं ते ‘मेत्र द्यू बर दां लेझेपिनार’, पालकात लोणी घालणं. उकडलेल्या पालकात लोणी पडलं की घास जरा गोड लागतो, तसे पगारावर चार पैसे जास्त सुटले की घर जरा सैल चालतं. मराठीत ‘वरकमाई’ म्हणावं तर टेबलाखालचा वास येतो. फ्रेंचमध्ये तसं काही नाही. शिकवण्या, शनिवार-रविवारचं काम, सगळं उजळ माथ्याने.

तोंडी परीक्षेत 30 मिनिटं तयारीला आणि साधारण 20 मिनिटं बोलायला मिळतात. मला उतारा आला शिकताशिकता नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांवर. लोणी-पालक तिथे चपखल बसला. परीक्षक बाई हसल्या आणि लगेच म्हणाल्या, ‘पण त्या लोण्यापायी मुलं नापास झाली तर?’ तिथून पुढे वाक्प्रचार कामाचे नव्हते. ‘झालं असतं तर’वाली क्रियापदं लागली, ती आदल्या आठवड्यात घोकली होती म्हणून निभावलं.