काळी पट्टी, छत्तीस फोटो आणि कोल्हापूर

एसटीने कात्रजचा बोगदा ओलांडायच्या आत मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर काळी चिकटपट्टी लावून टाकली. शेजारच्या आजींनी विचारलं, "फुटलाय होय गं?"

"नाही हो, आमच्या मॅडमनी लावायला सांगितलीय."

चव्वेचाळीस वर्षांच्या बाईने हे वाक्य म्हणायचं म्हणजे जरा गंमतच. मी शाळेत भूगोल शिकवते. 'बाईंनी सांगितलंय' हे कारण गेली वीस वर्षं मी ऐकत आलेय, स्वतः दिलं ते पहिल्यांदाच. मॅडम माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आहेत, पण शनिवार-रविवारच्या फोटोग्राफीच्या वर्गात त्या बोलायला लागल्या की मी सरळ बसते.

त्यांच्या असाइनमेंट म्हणजे एकेक कोडं असतं. एकदा विषय दिला 'आवाज'. आवाजाचा फोटो काढायचा! मी कुकरच्या शिट्टीचा काढला, आणि वर्गात पाहते तर अकरा जणांनी कुकरच काढलेला. मॅडम म्हणाल्या, "बारा शिट्ट्या झाल्या. भात करपला असेल." त्यानंतर एकदा दिवसभर एकाच खिडकीचे वीस फोटो काढायला लावले. त्यात मला आपल्या घराच्या भिंतीला किती पोपडे आलेत ते कळलं, बाकी फार काही नाही.

पण ही सत्राअखेरची असाइनमेंट भारी होती. 'प्रकाश दाखवा, पण तो कुठून येतोय ते दाखवू नका.' तीन दिवस, एकच ५० मिलिमीटरची बिनझूमची लेन्स, फक्त छत्तीस फोटो. काढलेला फोटो पाहायचा नाही, पुसायचा नाही, नंतर कापायचा नाही. छत्तीस का, तर जुन्या रोलमध्ये तेवढेच असत. माझ्या वडिलांनी अख्ख्या काश्मीर सहलीला एक रोल पुरवला होता, त्यातले चार फोटो एकाच शिकाऱ्याचे.

विषय ऐकल्याबरोबर माझ्या डोक्यात कोल्हापूर आलं, कारण नोव्हेंबर सुरू झाला होता. ९, १० आणि ११ नोव्हेंबरला अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव असतो. मावळतीचं ऊन महाद्वारातून आत शिरतं आणि परंपरेप्रमाणे पहिल्या दिवशी देवीच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर पोहोचतं. पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला तेच. या दोन तारखा का, हे मी दरवर्षी नववीच्या वर्गात फळ्यावर काढते. २२ डिसेंबरच्या आसपास सूर्य दक्षिणेच्या टोकाला जातो. त्या टोकापासून साधारण एक्केचाळीस दिवस मागे आणि तितकेच पुढे, सूर्य क्षितिजावर त्याच जागी मावळतो, पश्चिमेपासून सतरा-अठरा अंश दक्षिणेकडे. ज्यांनी देऊळ बांधलं त्यांना हे पक्कं माहीत होतं. वीस वर्षं शिकवलं, पाहिलं मात्र कधीच नव्हतं.

वर्गातला एक एकवीस वर्षांचा मुलगा बरोबर आला. तो मला काकू म्हणतो आणि माझ्या बॅगेतल्या चकल्या न विचारता खातो. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, याचं दुःख त्याने कराडपर्यंत केलं.

पहिल्या दुपारी रंकाळ्यावर मी पाच फोटो वाया घालवले. वाया हे तेव्हाच कळत होतं. पाणी चमकतंय, बोट आहे, बदक आहे, म्हणजे कॅलेंडर. पडदा झाकलेला असला की फोटो काढल्यावर मान खाली जाते, डोळे काळ्या पट्टीवर आपटतात आणि आपण ओशाळतो. निदान वीस वेळा तरी माझं असं झालं. तिथून 'खरी कॉर्नर' नावाच्या चौकात गेलो. बाबूराव पेंटरांच्या स्मरणार्थ तिथे कॅमेऱ्याचा स्तंभ उभारलाय. ज्या माणसाने १९१८ साली याच गावात स्वतःच्या हातांनी सिनेमाचा कॅमेरा तयार केला आणि १९२०मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला, त्याच्यासमोर माझ्या हातातला परदेशी बनावटीचा, हप्त्याने घेतलेला कॅमेरा मला जरा बॅगेत घालावासा वाटला. एक फोटो तिथे. एकूण सहा.

देवळात कॅमेरा नेता येत नाही, हे आम्हाला माहीत होतं. तरी पोराचा चेहरा पडला. "काकू, एवढ्या लांब आलो आणि मेन गोष्टीचाच फोटो नाही?" कॅमेरे लॉजवर कुलपात ठेवून पाच वाजता आत गेलो. गरुड मंडपात मधली वाट मोकळी सोडून दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. थोड्या वेळाने आतले दिवे बंद केले आणि त्या जुन्या दगडी अंधारात, बाहेरून येणारा तो एकच पट्टा उरला.

ऊन सरकताना दिसतं का? एरवी नाही. तिथे दिसतं. फरशीच्या एका सांध्यावर नजर ठेवली, तर दोन श्वासांत तो सांधा उजळतो आणि पट्टा पुढच्या फरशीवर जातो. सूर्य जितका खाली, तितकं ऊन आडवं आणि तितकं आत. रंगही बदलत जातो. आधी पांढुरकं पिवळं, मग तुपासारखं, शेवटी तांब्याच्या कळशीचा असतो तसा. मला उभ्या जागेवरून गाभाऱ्याच्या वाटेवरच्या कासव चौकाच्या पलीकडचं काही दिसत नव्हतं, पण पुढची माणसं मागच्यांना सांगत होती, क्रिकेटच्या कॉमेंट्रीसारखं, फक्त कुजबुजत. "पितळी उंबऱ्यावर आलं." मग बराच वेळ शांतता. "चांदीच्या उंबऱ्यावर." माझ्यापुढच्या बाईंनी हात जोडलेले होते आणि जोडलेल्या हातांच्या मनगटावरचं घड्याळ त्या तिरक्या डोळ्यांनी पाहत होत्या. "कटांजनाशी हाय." म्हणजे देवीपुढच्या कठड्याशी. आणि मग पावणेसहाच्या सुमारास एकदम जयघोष झाला. ऊन चरणांवर पोहोचलं होतं. मिनिटभर, फार तर दोन. पाहता पाहता पट्टा विझला, दिवे लागले, घंटा सुरू झाल्या.

बाहेर आल्यावर पोरगा बराच वेळ गप्प होता. गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध पिताना म्हणाला, "माझ्या हातात कॅमेरा असता ना काकू, तर मी सेटिंगच बघत बसलो असतो." मी काही बोलले नाही, कारण माझ्या हातात असता तर मीही नक्की तेच केलं असतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे रिक्षाने वडणग्याच्या बाजूला, उसाच्या मळ्यात चालू असलेल्या एका गुऱ्हाळावर. मला विचाराल तर सगळ्या सहलीतली ही खरी जागा. पत्र्याची शेड, मध्ये चुलवाण, त्यावर दोन माणसं आरामात झोपतील एवढी काहील आणि तिच्यात उकळणारा रस. खाली जळव्या चिपाडं ढकलतोय, वर मळी काढणं चाललंय. भेंडीचा चीक टाकला की रसातली घाण फेसाबरोबर वर येते, ती झाऱ्याने काढायची. रस घट्ट होत जातो तसा त्याचा आवाजही बदलतो. आधी खळखळ, मग पुटपुट. ('आवाज'ची असाइनमेंट इथे करायला हवी होती.)

"काय ओ ताई, टीव्हीवाल्या काय?" गुळव्याने विचारलं.

"नाही, क्लासला जाते. गृहपाठ आहे."

"ह्या वयात?" तो मनापासून हसला. "मग काढा की. फक्त काहिलीजवळ येऊ नगा."

अडचण तिथेच होती. माझ्या कॅमेऱ्यात ५०ची लेन्स ७५सारखी वागते, म्हणजे सगळं जवळ येतं. चौकटीत माणूस मावायला मागे सरकावं तर मागे चुलवाणाचं तोंड, पुढे जावं तर काहील. झूम नाही, तेव्हा पायांनीच अंतर ठरवायचं. शेवटी उसाच्या मोळीवर चढून बसले. पत्र्यांच्या फटीतून कोवळं ऊन येत होतं आणि वाफेत त्याच्या सरळसोट पट्ट्या दिसत होत्या. हे मला इथे उमगलं, म्हणजे विज्ञानात माहीत होतंच, पण डोळ्यांना उमगलं. प्रकाश नुसता दिसतच नाही. वाटेत वाफ, धूळ, कुणाचा गाल, काहीतरी लागतं.

पण कॅमेऱ्याला त्या वाफेने फसवलं असतं. पांढरं जास्त दिसलं की तो बिचारा फोटो काळवंडून टाकतो. पडदा झाकलेला, तेव्हा तपासायची सोय नाही. मॅडमनी शिकवलेला जुना ठोकताळा आठवला. लख्ख उन्हात लेन्सचं छिद्र एफ १६, आणि शटर आयएसओच्या (कॅमेरा प्रकाशाला किती हळवा ठेवायचा त्याच्या) आकड्याएवढं, म्हणजे १०० असेल तर सेकंदाचा शंभरावा भाग. त्यावरून सावलीत किती, शेडमध्ये किती, असं बोटांवर मोजत मी आयएसओ १६००, एफ २.८, शटर १२५ धरलं आणि देवाचं नाव घेतलं.

गुळव्या मधूनमधून चिमूटभर पाक पाण्यात टाकून पाहत होता. गोळी झाली की काहील उतरवायची, आधी नाही, नंतर नाही. "हे कळतं कसं?" म्हटलं. म्हणाला, "कळतं म्हंजे... हाताला कळतंय." त्यालाही बघायला पडदा नाही, पुसायची सोय नाही, आणि चुकली तर छत्तीसातला एक फोटो नाही, अख्खी काहील जाते. सगळ्यांनी मिळून काहील वाफ्यात, म्हणजे गूळ निववायच्या उथळ हौदात, ओतली तेव्हा शेडमध्ये काही म्हणजे काही दिसेना, नुसती सोनेरी वाफ आणि तिच्यात हलणारे हात. तेव्हा मी सलग चार दाबले. बारा फोटो संपले त्या सकाळी. वर पळसाच्या पानावर गरम गूळ मिळाला, जीभ भाजली, दुपारचं जेवण फुकट गेलं. पांढऱ्या रश्श्याची चव घेता आली नाही याचं अजून वाईट वाटतं.

संध्याकाळी पुन्हा देवळाकडे, पण या वेळी कॅमेऱ्यासह, महाद्वाराच्या बाहेर. सूर्याकडे पाठ करून उभी राहिले आणि ऊन ज्यांच्यावर पडतं त्यांच्याकडे बघितलं. हळदकुंकवाच्या ढिगांवर ऊन, ओटीच्या खणांवर ऊन, एका पोलीसबाईंच्या टोपीवरच्या पितळी बिल्ल्यावर ऊन. एका दुकानदाराने बाहेर आलेली ताडपत्री काठीने वर ढकलून धरली होती. "एवढ्यानं अडतंय काय, न्हाई," तो म्हणाला, "पर आपल्यामुळं नगो." पाचला पाच-सात मिनिटं असल्यापासून सहापर्यंत तो हात बदलत बदलत काठी धरून होता. त्याच्या मनगटावर उन्हाची एक रेघ होती. विसावा की एकविसावा फोटो असेल, पण मोजणी चुकली आणि मला पर्वा नव्हती.

त्या दिवशी पश्चिमेला ढग आले. ऊन कासव चौकापर्यंत गेलं आणि विरलं, असं आतून आलेली माणसं सांगत होती. कुणी चिडलं नाही. "उद्या हाय की," म्हणाले.

पण आमचा उद्या खिद्रापूरसाठी होता. कुरुंदवाडमार्गे कृष्णाकाठचं हे गाव. तिथलं कोपेश्वराचं शिलाहारकालीन देऊळ आणि त्याचा स्वर्गमंडप, ज्याच्या छताला मधोमध मोठं गोल आभाळ सोडलंय. दुपारी साडेबाराला आम्ही आत होतो. नोव्हेंबरचा सूर्य दक्षिणेला कललेला, त्यामुळे उन्हाची चकती बरोबर खालच्या गोल शिळेवर न पडता उत्तरेकडे सरकून खांबांवर चढली होती. खांबांचे कोन उजळत होते आणि मावळत होते. बारा फोटो गेले, त्यातला एक पोराच्या पायांचा, कारण तो चकतीत अनवाणी उभा राहून वर बघत बसला होता.

देवळाबाहेर चहाच्या टपरीवरचे काका म्हणाले, "दिवसा काय बघतासा? त्रिपुरी पौर्णिमेला या. मध्यरात्रीला चांद बरोबर भोकावर येतोय."

मी चहा हातात धरून तशीच बसले. मग पेन काढून बिलाच्या कागदावर आकृती काढली आणि पोराला दाखवली. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो. नोव्हेंबरात सूर्य विषुववृत्ताच्या सतरा अंश दक्षिणेला, म्हणजे चंद्र साधारण तितकाच उत्तरेला. आणि कोल्हापूर-खिद्रापूरचा अक्षांश? पावणेसतराच्या आसपास. चंद्र डोक्यावर येणारच! त्याच्या कक्षेला पाच अंशांचा कल आहे, त्यामुळे एखाद्या वर्षी थोडा इकडेतिकडे, पण गणित तेच. अंबाबाईच्या पायांवरचं ऊन आणि कोपेश्वराच्या शिळेवरचं चांदणं एकाच तिरक्या पृथ्वीमुळे. दोन्ही एकाच महिन्यात! पोरगा म्हणाला, "काकू, हे आम्हाला नववीत असं कुणी सांगितलं नाही." मी म्हटलं, मीही नाही सांगितलं कुणाला.

कॅमेऱ्यात एक फोटो शिल्लक होता. कृष्णेच्या घाटावर काढता आला असता, परतीच्या एसटीच्या काचेतून काढता आला असता. दोनदा डोळ्याला लावलाही. नाही काढला.

पुण्यात वर्गात पट्टी काढली. छत्तीसच्या जागी पस्तीस. सात पूर्ण पांढरे, चार पूर्ण काळे. सोनेरी वाफेचे चारही हललेले, ज्यांच्यावर माझी सगळी भिस्त होती. मॅडम काठीच्या फोटोपाशी थांबल्या. मनगट, त्यावर उन्हाची रेघ, वर ताडपत्रीची निळी कड. त्यांनी काही म्हटलं नाही, पुढेही गेल्या नाहीत. मग विचारलं, "छत्तिसावा?"

मी पौर्णिमेचं सांगितलं.

"सबमिशन आज आहे," त्या म्हणाल्या आणि एक गुण कापला. मग वहीत मान घालूनच विचारलं, "त्या गावात रात्री राहायची सोय आहे का?"

टपरीवाल्या काकांना फोन केलाय. अंगण आहे म्हणाले, सतरंज्या आपल्या आपण आणा. पट्टी पुन्हा लावून ठेवलीय.