गव्हाणीत उरलेल्या चाऱ्याचा हिशेब

सिन्नर तालुक्यातील आमच्या गोठ्यात सोयाबीनचा भुसा आणि मक्याच्या कडब्याची कुट्टी खाऊन बोकडांची पोटे भरत होती, पण वजने वाढत नव्हती. हा चारा पचतो तरी किती, हे आधी मोजून पाहा, असे आमच्या पशुवैद्यक डॉक्टरांनी सुचवले. रीत अशी, की खाल्लेल्या चाऱ्याच्या कोरड्या वजनातून लेंड्यांचे कोरडे वजन वजा करायचे आणि जे उरेल त्याची खाल्लेल्या चाऱ्याशी टक्केवारी काढायची.

त्यासाठी तीन संगमनेरी बोकड वेगवेगळे बांधले. नराच्या लेंड्यांत लघवी मिसळत नाही, म्हणून बोकडच निवडले आणि त्यांच्या मागे पट्ट्यांनी अडकवायच्या कापडी पिशव्या शिवून घेतल्या. कोठीपोटातील, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटातील, सूक्ष्मजीवांना नवा चारा सवयीचा व्हावा आणि पोटातील जुना चारा बाहेर पडावा, यासाठी पहिले 14 दिवस तोच चारा तेवढाच दिला. त्यानंतर सात दिवस दर 24 तासांनी लेंड्या वजन केल्या.

पहिला आठवडा मात्र पूर्ण वाया गेला, आणि त्याचे कारण लेंड्या नव्हत्या, गव्हाण होती. डिसेंबरच्या दवाने आणि बोकडांच्या लाळेने ओला झालेला उरलेला चारा मी सकाळी तसाच तोलत होतो, त्यामुळे तो जड भरे आणि बोकडाने प्रत्यक्षापेक्षा कमी खाल्ले असे कागदावर दिसे. शिवाय बोकड पाने आणि शेंगांची टरफले वेचून खातो व ताटाचे जाड तुकडे ठेवतो, म्हणजे टाकलेला आणि उरलेला चारा एकसारखा नसतोच. दुसऱ्या वेळी टाकलेला चारा, उरलेला चारा आणि लेंड्या या तिन्हींचे नमुने रोज वेगळे ठेवले आणि प्रयोगशाळेतील भट्टीत सुमारे 100 अंशांवर, वजन उतरायचे थांबेपर्यंत वाळवून घेतले. उन्हात वाळवलेला नमुना हाताला कोरडा लागला, तरी त्यात ओल राहते.

एका बोकडाचा सात दिवसांचा हिशेब असा आला: टाकलेला चारा 8.40 किलो, उरलेला 1.68, म्हणजे खाल्लेला 6.72, लेंड्या 2.89 किलो. पचलेला भाग 57 टक्के. बाकी दोघांचे आकडे 55 आणि 60 आले, त्यामुळे एकाच जनावरावर विसंबलो नाही हे बरे झाले. लेंड्यांत आतड्याच्या झडलेल्या पेशी आणि सूक्ष्मजीवही असतात, म्हणून खरी पचनीयता याहून थोडी जास्त असते, हेही डॉक्टरांनी समजावले.

प्रथिने किती पचतात, हे अजून पाहायचे आहे. प्रथिने नत्रावरून मोजतात आणि वाळवताना लेंड्यांतील काही नत्र उडून जाते, म्हणून त्या तपासणीसाठी ओल्या लेंड्यांचा नमुना सौम्य गंधकाम्लात ठेवावा लागतो. त्या बाटल्या प्रयोगशाळेतून आणल्या असून पुढच्या मोजणीत वापरणार आहे.