मुतखड्याचा छेद कसा वाचायचा: लंडनच्या हंटेरियन संग्रहालयाची फेरी

हॉबर्न स्टेशनातून बाहेर पडलं की लिंकन्स इन फील्ड्सची बाग चालत दहा मिनिटांच्या आत येते. बागेच्या दक्षिणेला रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सची खांबांची इमारत आहे आणि जुने मुतखडे जपून ठेवलेलं हंटेरियन संग्रहालय तिच्यातच आहे. २०१७ पासून ते बंद होतं, मे २०२३ मध्ये पुन्हा उघडलं. प्रवेश मोफत. मंगळवार ते शनिवार, सकाळी १० ते संध्याकाळी ५ ही वेळ असते, तरी निघण्याआधी एकदा तपासून घ्या.

निघण्याआधीचं खरं काम मात्र कॅटलॉगचं आहे. कॉलेजचा 'सर्जीकॅट' हा कॅटलॉग ऑनलाइन चाळता येतो. त्यात 'स्टोन' शोधू नका. जुन्या नोंदी 'कॅल्क्युलस' किंवा 'कॅल्क्युलाय' या शब्दाखाली आहेत. हवे ते नमुना क्रमांक लिहून न्या, कारण कपाटातल्या पाटीवर मावतं त्याहून नोंदीत पुष्कळ जास्त असतं. भिंग नेऊन उपयोग नाही, मध्ये काच येते. साधी दुर्बीण एवढ्या जवळचं स्पष्ट दाखवत नाही. अर्ध्या मीटरवर फोकस होणारी छोटी एकनळी दुर्बीण मिळाली तर न्याच.

खड्यांच्या कपाटासमोर आलेले बहुतेक लोक सर्वांत मोठा खडा शोधतात आणि तो दिसला की पुढे सरकतात. आकारावरून फार कळत नाही. मधोमध करवतीने कापून घासलेला खडा शोधा आणि तो आतून बाहेर वाचा. गाभ्यात गव्हाच्या दाण्याएवढा तपकिरी ठिपका, भोवती कांद्यासारखे पिवळट पापुद्रे आणि सगळ्यांत बाहेर खडूसारखं पांढरं कवच, असा छेद दिसला तर आजाराचा क्रमच समोर आहे. आतला भाग यूरिक आम्लाचा. पुढे मूत्राशयात जंतुसंसर्ग झाला, जंतूंनी युरियाचा अमोनिया केला, लघवी अल्कधर्मी झाली आणि फॉस्फेटचा थर बसत गेला. गाभ्यात कधी सुई किंवा काडीही सापडते. तिच्याभोवतीच खडा वाढलेला असतो.

तुतीसारखा गाठाळ, काळपट तपकिरी खडा ऑक्झॅलेटचा. मेणासारखा पिवळा किंवा जुना होऊन हिरवट पडलेला असेल तर सिस्टिन या अमिनो आम्लाचा. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ वॉलस्टनने हा प्रकार १८१० मध्ये ओळखला. सपाट, गुळगुळीत पैलू असलेले खडे एकमेकांवर घासलेले असतात, म्हणजे त्या मूत्राशयात एकाहून जास्त होते. एक सावधगिरी: जुन्या पांढऱ्या खड्यांतल्या स्ट्रुव्हाइट या फॉस्फेट खनिजातून पाणी आणि अमोनिया उडून न्यूबेरिआइट हे दुसरंच खनिज तयार होतं. त्यामुळे आजच्या तपासणीत जे खनिज सापडेल, तेच रुग्णाच्या मूत्राशयात होतं असं धरून चालू नका.

वजनं वाचताना हमखास घोटाळा होतो. औषधी मापात १ औंस म्हणजे ८ ड्राम, सुमारे ३१.१ ग्रॅम. १ ड्राम म्हणजे ६० ग्रेन, सुमारे ३.९ ग्रॅम. बाजारी औंस मात्र २८.३५ ग्रॅमचा. पाटीवर औंसाबरोबर ड्राम आणि ग्रेन दिले असतील तर माप बहुधा औषधी आहे.

जे आता दिसणार नाही तेही माहीत असावं. ज्याच्या नावाचं हे संग्रहालय आहे, त्या अठराव्या शतकातल्या सर्जन जॉन हंटरचा संग्रह सरकारने १७९९ मध्ये १५,००० पौंडांना घेतला. त्यात जवळजवळ १४,००० नमुने होते, आज सुमारे ३,५०० उरलेत. मे १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात फार मोठा भाग गेला. इजिप्तमधल्या अल अम्रा इथे १९०१ मध्ये सुमारे १६ वर्षांच्या मुलाच्या सांगाड्यात सापडलेला मूत्राशयातला खडाही त्याच हल्ल्यात नष्ट झाला. तो राजघराण्यांच्याही आधीच्या काळातला होता. ही हानी कशानेही भरून येणारी नाही.

नंतर खडा काढायच्या शस्त्रांकडे वळा. खाच असलेली वाकडी सळई मूत्रमार्गातून आत जायची आणि सुरी त्या खाचेतून सरकायची. १७२७ मध्ये लंडनचा सर्जन चेझल्डनने बाजूने छेद घेण्याची पद्धत रुळवली. सुश्रुताने हा छेद डावीकडे, सेवनीपासून (वृषणामागे मधोमध दिसणाऱ्या शिवणीसारख्या रेषेपासून) जवभर अंतर सोडून घ्यायला सांगितलंय. ते वचन आठवून ही शस्त्रं पाहिली की काय टाळायचं होतं ते नीट उमगतं. १८२४ मध्ये फ्रेंच सर्जन सिव्हियालने पॅरिसमध्ये न कापता आतल्या आत खडा फोडून दाखवला. भूल यायला तेव्हा अजून वीसहून जास्त वर्षं होती.

वेळ उरला तर फ्लीट स्ट्रीटलगतच्या सॉल्सबरी कोर्टपर्यंत चालत जा. २६ मार्च १६५८ रोजी प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युअल पीप्सचा खडा तिथल्याच एका घरात काढला गेला. लंडन ब्रिजजवळचं १८२२ चं जुनं शस्त्रक्रियागृहही पाहण्यासारखं आहे, पण तिथे तिकीट आहे आणि ५२ पायऱ्यांचा अरुंद गोल जिना आहे. पाठीवरची मोठी सॅक तिथे नेऊ नका.