गीतकाराच्या रकान्यात कुणाचं नाव?

कार्यक्रम संपला की कुणीतरी हमखास जवळ येऊन विचारतं, "ही गाणी तुम्ही लिहिता, की जुनीच आहेत?" आजवर "दोन्ही" म्हणून वेळ मारून नेली. आता पहिला अल्बम आलाय, तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

आजीचं घर पौडजवळ. सुट्टीत पुण्याहून गेलं की पहाटे जात्याच्या घरघरीने जाग यायची. आजी आणि चुलत आजी समोरासमोर बसून एकच खुंटा ओढायच्या. एकीने ओवी सुरू करायची, दुसरीने उचलायची. पुढे क्लासला गाणं शिकले, कॉलेजात गिटार आली, पण लय मी तिथे शिकले. मूठभर दाण्यांची वैरण जात्यात पडली की जातं जड होतं, ओवी रेंगाळते; दाणे भरडले गेले की पुन्हा पळते. स्टुडिओत मेट्रोनोम, म्हणजे एकसारखी टिकटिक देणारं यंत्र, लावून गायले तर नेमकं हेच हरवलं. शेवटी तो बंद केला, आजीचं जातं रेकॉर्ड केलं आणि गिटार त्याच्या मागून चालवली.

अल्बममधलं सगळ्यात जवळचं गाणं पणजीच्या ओवीवरचं. आजीची आई लग्न होऊन सासरी आली आणि मागे तिचं गाव मुळशी धरणात गेलं. सेनापती बापटांनी ज्याच्याविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह केला, तेच धरण. माहेरची वाट पाण्याखाली, आता बंधू कुठल्या वाटेनं येईल, असं ती जात्याला विचारते. पुढची कडवी माझी. त्याच पाण्याकाठी सहलीला जाऊन मी कितीदा भाजलेली कणसं खाल्ली, खाली काय आहे हे ठाऊक नसताना, त्याची.

गाणी ऑनलाइन चढवताना 'गीतकार' हा रकाना आला. सगळे म्हणाले, 'पारंपरिक' लिही. लिहवेना. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसोबत गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्या गाणाऱ्या बायांच्या नावागावासकट. मग माझ्याच घरातल्या बाईचं नाव मी कसं पुसू? पणजीचं नाव आधी लिहिलं, माझं त्याखाली.

आजीला मोबाइलवर गाणं ऐकवलं, नाव वाचून दाखवलं. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "आयची आजून एक हाय की. ती ऱ्हायलीच."

आणि गायला लागली.