फुगा फोडला, पण घुमला नाही

डेट्रॉइट डाउनटाउनमधल्या गार्डियन बिल्डिंगमध्ये भल्या सकाळी फुगे फोडायचे, हे माझं त्या दिवशीचं काम होतं. सुरक्षारक्षकाला आधी कळवलं होतं, तरी तो कानांत बोटं घालूनच उभा राहिला.

मी ध्वनिशास्त्राची सल्लागार. तिथल्या जुन्या बँकिंग हॉलमध्ये एका संस्थेला भाषणांचा कार्यक्रम करायचा होता. एवढ्या उंच, दगडी हॉलमध्ये आवाज घुमणार, म्हणून भिंतींवर कापडी पॅनल टांगायचं त्यांनी जवळजवळ ठरवलंच होतं. खरं सांगायचं तर माझाही अंदाज तोच होता.

आत शिरताना लॉबीत मान वर जातेच. कमानदार छतावर रुकवुड पॉटरीच्या रंगीत टाइल्सची नुसती उधळण. इमारत आर्ट डेको शैलीतली, म्हणजे 1920-30च्या दशकांतल्या भौमितिक नक्षीच्या थाटाची. मुंबईत आर्ट डेको बघतच वाढले मी, पण तिथला तो संयमी समुद्रकिनारी थाट इथे औषधालाही नाही. वास्तुकार वर्ट रोलंडने 40 मजली इमारतीला खास रंगाच्या नारिंगी विटा वापरल्या आणि दर्शनी भागावर डेट्रॉइटच्याच पेवाबिक पॉटरीच्या टाइल्स बसवल्या. युनियन ट्रस्ट कंपनी या वित्तसंस्थेसाठी 1929 मध्ये, शेअर बाजार कोसळायच्या काही महिने आधी, हे सगळं उभं राहिलं. मुहूर्त म्हणावा तर हा! मंदीत ती कंपनी टिकली नाही. 2007 मध्ये वेन काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने, इमारत विकत घेतली.

लॉबी आणि हॉल यांच्यामध्ये मोनेल या निकेल-तांब्याच्या मिश्रधातूची भलीमोठी जाळी आहे, तिच्यात घड्याळ. पलीकडे हॉल, आणि टोकाच्या भिंतीवर एझ्रा विंटरने रंगवलेलं मिशिगन राज्याचं भित्तिचित्र.

ट्रायपॉडवर मायक्रोफोन लावला, लांब जाऊन फुगा फोडला. आवाज 60 डेसिबलने उतरायला किती वेळ लागतो, ते मोजायचं असतं. अशा हॉलमध्ये ‘फट्’नंतर लांबलचक शेपूट ऐकू येते. इथे ती आखूडच निघाली. मला वाटलं, मायक्रोफोनच गंडला. वायर बदलली, जागा बदलली. उत्तर तेच.

मग छताकडे नीट पाहिलं. खालून नक्षीदार प्लास्टर वाटतं, पण ते रंगवलेलं कॅनव्हास आहे आणि त्याच्यामागे घोड्याच्या केसांची गादी. ट्रस्ट कंपनीच्या दिवसांत इथे शेकडो माणसांची ये-जा आणि बोलणं चालणार, म्हणून तो गलका वरच्यावर शोषायची ही सोय. सच्छिद्र केसांत हवा घासली जाते आणि आवाजाच्या ऊर्जेची उष्णता होते. आज आम्ही ग्लासवूल, म्हणजे काचतंतूंचा कापूस, भरतो, तेव्हा घोडा होता.

घोळ निघाला लॉबीत. तिथे फोडलेला फुगा टाइल्सवरून चांगलाच घुमला आणि जाळीतून थेट हॉलमध्ये आला. म्हणजे त्रास हॉलचा नव्हता, शेजाऱ्याचा होता.

पॅनलचा खर्च रद्द करा, भाषणाचं व्यासपीठ जाळीपासून लांब, भित्तिचित्राच्या टोकाला घ्या आणि कार्यक्रम चालू असताना चहा-कॉफीचे टेबल लॉबीत लावू नका, असं अहवालात लिहिलं. इमारतीची देखभाल करणाऱ्यांसाठी वेगळी ओळ टाकली: छत कितीही मळकट दिसलं तरी त्यावर रंगाचा नवा हात मारू नका, छिद्रं बुजतील. व्यासपीठाचं त्यांनी लगेच ऐकलं. कॉफीवर मात्र दोन बैठका झाल्या.