ग्रॅन्युलोमाची फाक

क्षयरोगावर संशोधन करणाऱ्या मॅडमचा मेल दोन ओळींचा होता. क्षयरोगावरचा आढावा लेख लिहून होत आलाय, त्यातल्या दुसऱ्या आकृतीसाठी ग्रॅन्युलोमाचं चित्र हवंय, पंधरा दिवसांत जमेल का? मी हो म्हणून टाकलं. प्रत्यक्षात अडीच महिने लागले आणि सात कच्चे आराखडे झाले. पहिल्या आराखड्यातलं शेवटच्या चित्रात जवळजवळ काहीच उरलं नाही.

मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलंय. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिल्या होत्या, तेवढंच चित्रकलेचं रीतसर शिक्षण. बाकी सगळं अकरावी-बारावीच्या जर्नलात शिकले. आमच्या बाईंचे नियम कडक होते: एचबी पेन्सिल, शेडिंग करायचं नाही, नावं उजव्या बाजूला एकाखाली एक, आणि नावांच्या रेषा एकमेकींना छेदता कामा नयेत. यातले शेवटचे दोन नियम मी अजून पाळते. रेषा छेदायला लागल्या की समजावं, चित्रात दाटी झाली आहे.

ग्रॅन्युलोमा म्हणजे क्षयाचे जंतू फुप्फुसात शिरल्यावर शरीराने त्यांच्याभोवती घातलेला पेशींचा वेढा. जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशी गोळा होतात, काही एकमेकींत मिसळून मोठ्या बहुकेंद्रकी पेशी बनतात, बाहेरून लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशी येतात, त्याबाहेर तंतूंचं कुंपण तयार होतं. पुढे मधल्या पेशी मरतात आणि तिथे नासलेल्या दुधाच्या चोथ्यासारखा पांढरट, भुसभुशीत भाग उरतो.

एवढं वाचून मी पहिला आराखडा काढला. कांदा आडवा कापल्यासारखी एकात एक गोल कडी, प्रत्येक कड्याला वेगळा रंग, आणि मधून एक सुंदर वळणदार रक्तवाहिनी. मला तो फार आवडला होता. मॅडमनी तो बघितला आणि विचारलं, "ही रक्तवाहिनी मधून कशी गेली?"

मेलेल्या भागात रक्तवाहिन्या नसतात. त्यांचा सगळा लेख याच गोष्टीवर उभा होता. रक्तातून आलेलं औषध वेढ्याच्या कडेपर्यंत पोचतं, तिथून पुढे त्याला स्वतः झिरपत जावं लागतं, आणि सगळी औषधं सारखी झिरपत नाहीत. मी मसुदा वाचला होता, हे वाक्यही वाचलं होतं. तरीही हाताने रक्तवाहिनी काढली, कारण तिथे जागा रिकामी दिसत होती. चित्र शोभेसाठी भरायचं नसतं हे मला माहीत होतं, तरी माझ्याकडून ते झालं. त्याबद्दल मला आजही वाईट वाटतं, कारण छापून गेलं असतं तर वाचणाऱ्याने लेखातल्या वाक्यापेक्षा चित्रावर विश्वास ठेवला असता.

त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. मॅडमना सांगितलं, हे चित्र बघून वाचकाने कुठली एक गोष्ट घेऊन जायची ते एका वाक्यात लिहून द्या. त्यांनी आधी परिच्छेद पाठवला. मी परत पाठवला. तिसऱ्या वेळी वाक्य आलं: "औषध वेढ्यापर्यंत पोचलं म्हणजे जंतूपर्यंत पोचलं असं नाही." ते मी टेबलासमोर चिकटवलं.

दुसरं म्हणजे त्यांच्या प्रयोगशाळेत जाऊन मायक्रोस्कोपखाली खरी स्लाइड बघितली. हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिनने रंगवलेली, केंद्रकं निळी-जांभळी, बाकी गुलाबी. कांद्याची कडी कुठेच नव्हती. मधे आकारहीन गुलाबी पसारा, भोवती पेशी कुठे दाट कुठे विरळ, आणि घोड्याच्या नालासारखी केंद्रकं मांडून बसलेली एक लँगहॅन्स पेशी, म्हणजे त्या मोठ्या बहुकेंद्रकी पेशींपैकी एक. तासभर बघत पेन्सिलने उतरवत राहिले. पीएचडी करणारी एक मुलगी शेजारी बसून नावं सांगत होती. माझा सल्ला विचाराल तर हा तास कधीच वाचवू नका. तयार चित्रांचे संग्रह असतात, परवाना नीट वाचून ते वापरायला हरकत नाही, पण त्यातली पेशी म्हणजे दुसऱ्या कोणीतरी आधीच सोपी करून ठेवलेली पेशी. ती आपण आणखी सोपी केली की मूळ हरवतं.

मग आली मापं. क्षयाचा जंतू साधारण २ ते ४ मायक्रोमीटर लांब. मॅक्रोफेज २० मायक्रोमीटरच्या आसपास. एक मिलिमीटरचा ग्रॅन्युलोमा धरला आणि तो कागदावर १० सेंटिमीटरचा काढला, तर मॅक्रोफेज होते २ मिलिमीटरची आणि जंतू ०.३ मिलिमीटरचा, म्हणजे पेन्सिलीच्या टोकाचा ठिपका. औषधाचा रेणू तर दिसायचा प्रश्नच नाही. मी मात्र जंतू पेशीएवढे आणि औषध गोळ्यांच्या आकाराचं काढून बसले होते. शेवटी जंतूंसाठी वेगळी मोठी चौकट घेतली, तिला तिची मोजपट्टी दिली, आणि औषधाचे ठिपके काढून टाकून फक्त रंगाची छटा ठेवली. दाट छटा म्हणजे औषध जास्त, फिकी म्हणजे कमी.

तरीही चित्र बोलत नव्हतं. गोल आकारात तीन औषधांच्या छटा एकावर एक येऊन चिखल होत होता. इथे मला एक जुनं चित्र उपयोगी पडलं, तेही पुण्यातलं. इंग्रज सैन्यातला मराठा गाडीवान कावसजी टिपूच्या कैदेत सापडला आणि त्याचं नाक कापलं गेलं. पुण्याजवळच्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक बसवलं. त्याचं वर्णन आणि चित्र १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आलं. वीस वर्षांनी, १८१४ मध्ये, जोसेफ कार्प्यू यांनी लंडनमध्ये त्याच पद्धतीने शस्त्रक्रिया केली. चित्रात कावसजीचा चेहरा ठळक आहेच, पण माझी नजर बाजूच्या छोट्या आकृत्यांवर अडकली. नाकाच्या आकाराचा मेणाचा पातळ पत्रा आधी वेगवेगळ्या बाजूंनी दाखवलाय आणि मग तोच पत्रा सपाट करून. कपाळावर रेघ मारायची ती या सपाट आकाराची. काम करणाऱ्याला जे हवं तेच उलगडून ठेवलंय.

मी ग्रॅन्युलोमाची एक फाक कापली, कलिंगडाची कापतात तशी, आणि ती सरळ पट्टीसारखी सपाट केली. डावीकडे रक्तवाहिनी, मग लिम्फोसाइट, मग मॅक्रोफेज, उजव्या टोकाला मेलेला भाग. तीन औषधांच्या अशा तीन पट्ट्या एकाखाली एक. पायराझिनामाइडची छटा शेवटपर्यंत जाते. रिफॅम्पिसिनही आत शिरतं. मॉक्सिफ्लॉक्सॅसिन पेशींच्या थरात भरपूर साठतं आणि पुढे फिकं पडतं. तिन्ही पट्ट्यांवरून नजर खाली उतरली की फरक दिसतो, मथळा वाचायचीही गरज पडत नाही. मॅडमनी हा आराखडा बघितला आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "मेलेल्या भागात एवढे जंतू नकोत." बंद ग्रॅन्युलोमात ते तुलनेने कमी असतात, ग्रॅन्युलोमा फुटून पोकळी झाली आणि हवेशी संबंध आला की बेसुमार वाढतात. मी बावीस जंतू काढले होते, पाच ठेवले.

बाणांचं मात्र सविस्तर सांगायला हवं. चौथ्या आराखड्यात अकरा बाण होते. बारावीतल्या भाचीला चित्र दाखवलं आणि काही न सांगता विचारलं, काय कळलं? ती म्हणाली, "जंतू बाहेरून आत चाललेत." तो बाण औषधाचा होता. मी प्रत्येक बाणापुढे त्याचा अर्थ लिहून काढला: हा हालचालीचा, हा नंतर काय होतं त्याचा, हा 'यामुळे ते' सांगणारा, हा मोठं करून दाखवणारा, हा तर नुसताच नावाकडे नेणारा. एकच खूण पाच अर्थांनी वापरली होती, आणि कुठला कधी घ्यायचा ते वाचकाने ओळखायचं! बाण फक्त औषधाच्या वाटचालीसाठी ठेवला. आधी-नंतरसाठी अ आणि आ अशा चौकटी केल्या, मोठं करून दाखवायला दोन बारीक रेषा. अकराचे तीन झाले. 'यामुळे ते' सांगणारे दोन बाण काढताना मॅडमनी स्वतःच कबूल केलं, की त्यातल्या एकाला पुरेसा पुरावा नाही. वाक्यात 'संबंध असू शकतो' असं लिहिता येतं. बाण तसं म्हणू शकत नाही, तो ठामच असतो.

रंगांचं थोडक्यात. क्षयाचे जंतू रंगवायच्या झील-नील्सन पद्धतीत ते लाल दिसतात म्हणून जंतू लाल, आणि औषध मी हिरवं केलं होतं. सहलेखकांपैकी एकांना दोन्ही सारखेच दिसत होते, आणि त्यांनी तसं मोकळेपणाने सांगितलं म्हणून बरं झालं. ओकाबे आणि इतो या जपानी शास्त्रज्ञांनी रंगांधळ्यांनाही वेगळे ओळखता येतील असे आठ रंग सुचवलेत, त्यातला शेंदरी जंतूंना आणि निळा औषधाला दिला. मग चित्र काळ्या-पांढऱ्यात छापून बघितलं. तेही वाचता आलं पाहिजे.

लेख छापून आला. पण माझं काम तिथे थांबलं नाही, कारण मॅडमना तेच चित्र आरोग्य केंद्रातल्या पोस्टरवर मराठीत हवं होतं: दोन महिन्यांत बरं वाटलं तरी सहा महिने गोळ्या का घ्यायच्या. तीन औषधांची तुलना तिथे कोणाला नको आहे, म्हणून एकच पट्टी ठेवली. इंग्रजीत सात पॉइंटची नावं चालली होती, मराठीत वेलांट्या आणि जोडाक्षरं इतक्या लहान आकारात एकमेकांत मिसळतात, म्हणून मुक्ता फॉन्टमध्ये सगळी नावं मोठी केली.

खरी अडचण शब्दाची निघाली. ग्रॅन्युलोमाला मी सरळ 'गाठ' लिहिलं होतं. आरोग्य केंद्रातल्या आशाताईंना दाखवलं तर त्या म्हणाल्या, "ताई, गाठ लिहू नका. गाठ म्हटलं की बायका कॅन्सरच समजतात, आणि घाबरून यायच्या बंद होतात." 'जखम' सुचवलं, ते मॅडमना शास्त्राला धरून वाटेना. 'फोड' म्हटलं तर लोक अंगावर शोधतील. सध्या पोस्टरवर 'फुप्फुसात जंतूंनी धरलेली जागा' असं आहे. लांब आहे, आणि त्यासाठी चित्र उजवीकडे सरकवावं लागलंय. पुढच्या आठवड्यात आशाताई ते केंद्रात आलेल्या पाच-सहा जणींना दाखवणार आहेत. मी मागे बसून फक्त ऐकणार आहे, बोट कुठे थांबतं ते बघत.