पिरी-पिरी, कवचासकट

मापुतो, २५ जून

कोळंबी आज सोललीच नाही. आमच्या मालवणाकडे सुंगटां घरात आली की पहिलं काम सोलण्याचं. आई आणि काकी पाट घेऊन बसायच्या, एकीकडे कवचांचा ढीग, दुसरीकडे पातेलं. त्या सवयीत वाढलेला हात इथे आवरावा लागतो. पिरी-पिरी, म्हणजे इथल्या तिखट मिरचीत मुरवून निखाऱ्यावर भाजलेली कोळंबी, करायची तर कवच हवंच. कोळशाच्या धगीत आतलं मांस कोरडं पडू न देण्याचं काम तेच करतं, आणि जाळीवर कोळंबी ठेवल्यावर जो खमंग, गोडसर वास सुटतो तोही कवचाचाच.

आज इथे सुट्टी. १९७५ साली याच तारखेला मोझांबिक पोर्तुगालपासून स्वतंत्र झाला, आणि पुढच्या वर्षी या शहराचं लौरेन्सो मार्केस हे नाव जाऊन मापुतो झालं. दक्षिण आफ्रिकेत मात्र या कोळंबीला अजून जुन्याच नावाच्या आद्याक्षरांनी 'एल. एम. प्रॉन्स' म्हणतात. शहराचं नाव बदललं तरी ताटातलं टिकलं. मासळीबाजारात सकाळीच गर्दी होती. हव्या त्या टोपल्यातून निवडून वजन करून घ्यायची आणि तिथल्याच खानावळीत भाजायला द्यायची, अशी इथली पद्धत. आम्ही घरीच आणली. निवडताना आईने शिकवलेलं तेच पाहिलं. डोकं धडाला घट्ट धरून आहे ना, कवच चकाकतंय ना, डोक्याशी काळे डाग नाहीत ना, आणि वास फक्त समुद्राचा आहे ना. एक किलो मोठी घेतली, आणि थोडी बारीक वेगळी.

टोपल्यातली ती पांढरट, जवळजवळ पारदर्शक कोळंबी पाहिली की मला दर वेळी आनंद होतो, कारण ती ओळखीची आहे. मापुतोच्या उपसागरात मुख्यतः मिळते ती पिनियस इंडिकस, म्हणजे आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही मिळणारी पांढरी कोळंबी. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून भारतावरून थेट ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेपर्यंत तिचा संचार आहे. दोन्हीकडे तिचं आयुष्यही एकाच रीतीचं. अंडी समुद्रात, मग पिल्लं खाडीत, कांदळवनाच्या मुळांत वाढतात आणि मोठी होऊन पुन्हा समुद्रात जातात. कर्लीच्या खाडीकाठी बालपण गेलेल्या माणसाला हे कोणी पुस्तकातून शिकवावं लागत नाही. इथून वर उत्तरेला, सोफाला बँक म्हणतात त्या उथळ समुद्रातली कोळंबी तर झांबेझी नदीच्या पाण्यावर अवलंबून. नदीला चांगलं पाणी येतं तेव्हा कोळंबीही चांगली मिळते, हे अभ्यासकांनी आकडे मांडून दाखवलं आहे. १९७४ च्या अखेरीस काहोरा बासाच्या धरणात पाणी साठवायला सुरुवात झाली आणि नदीचे पूर माणसाच्या हातात गेले. त्याचा फटका कोळंबीला बसला, असं अभ्यासक म्हणतात. धरणाच्या विजेचे हिशेब होतात, खाडीत वाढणाऱ्या पिल्लांचाही तितक्याच गंभीरपणे व्हायला हवा. मला हे मनापासून वाटतं.

आता मिरची. पिरी-पिरी म्हणजे ती बोटाच्या पेराएवढी, टोकदार, उभी लागणारी मिरची. केरळातली कांथारी तिची सख्खी बहीण. भारतात कोणाला करायची असेल तर कांथारी घ्यावी, नाही मिळाली तर लवंगी. ब्याडगी इथे उपयोगाची नाही, तिचा रंग छान पण तिखटपणा पुरत नाही. मिरची मूळची ना आफ्रिकेची ना आपली. ती अमेरिकेतून निघाली आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजांनी दोन्ही किनाऱ्यांवर उतरवली. वास्को द गामा १४९८ च्या मार्चमध्ये मोझांबिकच्या बेटाला लागला आणि मे महिन्यात कालिकतला, तो आला होता मिऱ्यांच्या शोधात. पुढे १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्याहून चालत होता. एकाच वाटेने आलेली मिरची, पण दोन किनाऱ्यांनी तिचं काय केलं ते बघण्यासारखं आहे. आपण तिला वाळवली, धण्या-बडिशेपेबरोबर, लवंग-दगडफुलाबरोबर भाजली, कुटली, बरणीत भरली. मालवणी मसाल्याचा तिखटपणा हळूहळू चढतो, त्याच्या आधी दहा वास येऊन जातात. इथे मिरची एकटी येते. सोबत फक्त लसूण, लिंबू, मीठ, तेल. तिखट लगेच लागतं, कानापर्यंत जातं, आणि त्याच्या मागोमाग कोळंबीची स्वतःची गोडी स्पष्ट कळते. मसाल्याची बरणी मला अतिशय प्रिय आहे, तरी सांगते, या पदार्थात तिचा चमचाभरही घालू नये. आलं नको, हळद नको, गरम मसाला तर नकोच.

बारा लसूणपाकळ्या, सहा मिरच्या आणि मोठं मीठ खलबत्त्यात कुटलं. मिक्सरमध्ये पेस्ट होते, आणि पेस्ट जाळीवर चटकन करपते. भरड हवं. त्यात अर्धी वाटी तेल घालून मंद आचेवर जेमतेम कोमट केलं, लसणाचा रंग बदलू दिला नाही. मिरचीचा तिखटपणा ज्याने येतो ते कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात उतरतं, म्हणून हे कोमट तेल फार मोलाचं. त्यात एक लॉरेलचं पान टाकलं. ते आपल्या तमालपत्रासारखं दिसत असलं तरी झाड वेगळं आणि वासही वेगळा. नसेल तर वगळावं, तमालपत्र घालू नये.

कोळंबीच्या मिशा आणि डोक्यावरचा काटा कात्रीने कापला, पाठीवर कवचासकट चीर दिली, काळा धागा काढला आणि चिरेत मसाला बोटाने भरला. तासभर ठेवली. लिंबू मात्र शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांतच पिळलं. आंबटात जास्त वेळ ठेवलं की मांस विस्तवाआधीच पांढरं पडतं आणि भाजल्यावर पिठूळ लागतं.

शेगडी गच्चीत पेटवली. कोळसा इथे कुठेही मिळतो, कितीतरी घरांचा रोजचा स्वयंपाक त्याच्यावरच होतो. नवऱ्याने निखाऱ्यांवर राखेचा पांढरा थर चढेपर्यंत जाळी ठेवू दिली नाही, आणि ते बरोबरच. ज्वाला असताना ठेवली तर तेल पेटतं, लसूण कडू होतो. मग एका बाजूने दोन-तीन मिनिटं, दुसऱ्या बाजूने तेवढीच. राखाडी कवच डोळ्यांदेखत केशरी होतं. तो रंग आधीपासून आतच असतो, प्रथिनाला बांधलेला, आणि उष्णतेने ते प्रथिन उलगडलं की मोकळा होतो. कारण माहीत असूनही मी दर वेळी थांबून पाहते. कोळंबी अर्धगोल झाली की उचलायची. घट्ट वळली की उशीर झाला, मग ती चिवटच.

उरलेलं तेल लोण्यात घालून गरम केलं, वरून आणखी लिंबू, तीच चटणी. सोबत भात होता, पण खरं जेवण पावाचं. इथला पाव बाहेरून कडक, आतून मऊ, आणि ताटातलं ते लाल तेल-लोणी टिपून घ्यायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. डोकी बोटांनी तोडून चोखायची. काट्या-चमच्याचं हे काम नव्हे.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. तिकडे धो धो पाऊस, १ जूनपासून यांत्रिक बोटी बंद, ३१ जुलैपर्यंत घरात सोडे आणि सुके बांगडे. ताट बघून म्हणाली, "वाटप नाय, सोलां नाय, मगे चव खंयसून येतली?" मी म्हटलं, "आई, तू ये इथे, तुला पहिलं डोकं मी देते." ती हसली नाही, लक्षपूर्वक बघत राहिली आणि विचारलं, पाठीवर चीर कवचासकट दिलीस ती कशाने. म्हणजे ती करून बघणार, हे मला कळलं.

शेजारच्या ममांना ताट नेऊन दिलं. सगळा मजला त्यांना ममाच म्हणतो. त्या झांबेझिया प्रांतातल्या, केलिमानेच्या, जिथे नारळाशिवाय स्वयंपाक होत नाही आणि जिथली कोंबडीही नारळाच्या दुधात मुरवून भाजतात. त्यांनी एक कोळंबी खाल्ली, मान हलवली आणि म्हणाल्या, मापुतोची म्हणून चांगली आहे. आमच्याकडे भाजताना वरून नारळाचं दूध लावतात, तिखट तेवढंच राहतं पण टोचत नाही. मला ते लगेच पटलं, हे मालवणचं रक्त. मग त्यांनी खाडीपलीकडच्या कातेंबेचा विषय काढला. तिथे गोव्याहून आलेल्या मच्छीमारांची जुनी वस्ती आहे. २०१८ मध्ये पूल झाला, त्याआधी जाणं-येणं फेरीबोटीचं. ममा त्या फेरीबोटीच्या काळापासून तिथे मासळी घ्यायला जातात.

बारीक कोळंबी ममांच्या सांगण्यावरून सोलून ठेवली आहे. रविवारी त्या मातापा करणार आहेत. कसाव्याचा कोवळा पाला उखळात कुटून, शेंगदाण्याचं कूट आणि नारळाच्या दुधात बराच वेळ शिजवायचा आणि कोळंबी शेवटी घालायची. त्यांची नारळ खवायची पाटी म्हणजे बसायला लाकूड आणि पुढे दातेरी लोखंडी पातं, आमच्या घरच्या खवणीसारखीच. दोन नारळ लागतील म्हणाल्या. ते मी खवून देणार आहे.